शनिवारचा गल्ला

१३ जानेवारी २०२० च्या रात्री न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघानं क्लेमसनचा ४२-२५ असा पराभव करून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. जल्लोष सुरू असतानाच एका दृश्यावर कॅमेरे स्थिरावले. ओडेल बेकहॅम ज्युनियर हा याच विद्यापीठाचा माजी खेळाडू, तोवर व्यावसायिक फुटबॉलमधला बडा तारा झालेला, मैदानात उतरून पोरांच्या हातात नोटा ठेवत होता. विद्यापीठाकडून आधी सांगण्यात आलं की त्या गमतीच्या, नकली नोटा होत्या. एकदोन दिवसांतच मान्य करावं लागलं की निदान काही तरी खऱ्या होत्या. कॉलेजच्या खेळाडूनं खेळाबद्दल कुणाकडून एक डॉलरही घ्यायचा नाही, असा तेव्हा नियम होता. लाखभर लोक तिकीट काढून ज्यांना बघायला येतात, त्यांनी मात्र फुकट खेळायचं.

त्यानंतर दोनच महिन्यांत करोना आला, आणि दीड वर्षात चित्र पालटलं. खेळाडूंना कायद्यानं पैसे मिळू लागले. प्रेक्षकांच्या नोटा मात्र स्टेडियमच्या आत चालेनाशा झाल्या. आज मिशिगन किंवा ओहायो स्टेटच्या स्टेडियममध्ये हॉट डॉगच्या खिडकीवर वीस डॉलरची कोरी करकरीत नोट पुढे केली, तर आतला माणूस हसून कार्डाच्या यंत्राकडे बोट दाखवतो. म्हणून सामन्याला निघालेल्या कुटुंबात हल्ली हमखास विचारलं जातं: रोकड घ्यायची की नको? प्रश्न साधा दिसतो. पण या स्टेडियमांमध्ये पैसा कुठून येत आला आणि कुणाच्या हातातून जात आला, याची दीडशेहून जास्त वर्षांची हकिकत त्याच्या मागे आहे.

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, अंड्यासारख्या चेंडूचा. शनिवार हा कॉलेजांचा वार, व्यावसायिक संघांचा रविवार. मिशिगन विद्यापीठाचं स्टेडियम ज्या ॲन आर्बर गावात आहे, त्याची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १,२३,८५१ भरली. स्टेडियमची आसनसंख्या आहे १,०७,६०१. मुंबईचं वानखेडे भरून तीनदा रिकामं केलं, तरी हे भरत नाही. नोव्हेंबर १९७५ पासून इथल्या सामन्यांना लाखाच्या वर गर्दी होण्याचा परिपाठ पडला, आणि ७ सप्टेंबर २०१३ रोजी नोत्र दामविरुद्धच्या सामन्याला १,१५,१०९ माणसं आली. हंगामात असे शनिवार फार तर सात-आठ. जे कमवायचं ते तेवढ्यात.

कमाईचा विचार पहिल्यापासूनच होता. अमेरिकेतल्या कॉलेजांमधली पहिली क्रीडा स्पर्धा फुटबॉलची नव्हे, तर नौकांची. १८५२ साली हार्वर्ड आणि येलचे वल्हेकरी न्यू हॅम्पशरमधल्या विनिपसॉकी सरोवरावर भिडले. सगळा खर्च केला एका रेल्वे कंपनीनं, कारण तिला त्या सरोवराकडे सहलीला जाणारे प्रवासी हवे होते. विद्यार्थ्यांची सुट्टी फुकटात झाली, रेल्वेची जाहिरात झाली. कॉलेजचा खेळ पूर्वी कसा निर्मळ होता आणि पुढे पैशानं कसा नासला, असा सूर अमेरिकेत दर वीस वर्षांनी निघतो. तो सूर लावणाऱ्यांना हे सरोवर दाखवावं.

फुटबॉलचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रुन्सविकला रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. बघायला शंभरेक माणसं. तिकीट कसलं आणि खिडकी कसली! पण पंचवीस वर्षांच्या आत खेळ न्यूयॉर्कला पोचला. १८९३ च्या थँक्सगिव्हिंगला येल आणि प्रिन्स्टनचा सामना बघायला मॅनहॅटनमध्ये चाळीसेक हजार लोक लोटले. कुंपण आलं, फाटक आलं, फाटकापाशी तिकिटाची खिडकी आली, आणि विद्यार्थ्यांच्या मंडळाकडे एकाएकी एवढा पैसा जमू लागला की त्याचं करायचं काय हे प्राध्यापकांनाही सुचेना.

येलमध्ये ते वॉल्टर कँपला सुचलं. अमेरिकन फुटबॉलचे नियम घडवणारा हा माणूस क्रीडा खात्याच्या तिजोरीवरही बसलेला होता. १९०५ साली ‘मॅक्लुअर्स’ मासिकात हेन्री बीच नीडहॅम या पत्रकारानं कॉलेजच्या खेळांतल्या पैशांवर लेख लिहिले, तेव्हा येलकडे सुमारे एक लाख डॉलरची गंगाजळी साठल्याचं बाहेर आलं. त्या लेखांमधलं सगळ्यात चविष्ट प्रकरण मात्र येलचा कर्णधार जेम्स होगन याचं. त्याचं शिक्षण मोफत, राहायला उत्तम खोल्या, क्यूबाची सहल; शिवाय स्कोअरकार्डांच्या विक्रीतल्या नफ्यात वाटा आणि न्यू हेवनमध्ये विकल्या जाणाऱ्या एका कंपनीच्या सिगारेटींवर कमिशन. म्हणजे बाकावर बसलेल्या माणसानं चिल्लर देऊन छापील पत्रिका घेतली, की त्यातला काही भाग कर्णधाराच्या खिशात. पगार म्हणून एक पैसा नाही. सगळं सुट्ट्या पैशांतून, वळसा घालून.

पण फाटकावर जमणाऱ्या चिल्लरीतून स्टेडियमं उभी राहिली नाहीत. त्यासाठी लागणारा पैसा आधी आणि एकरकमी लागतो. हार्वर्डला तो १८७९ च्या तुकडीनं दिला: पंचविसाव्या वर्षाची भेट म्हणून एक लाख डॉलर. त्यातून १९०३ मध्ये सळई घातलेल्या काँक्रीटचं स्टेडियम झालं. १९१४ मध्ये येलनं सत्तर हजारांचा वाडगा बांधला, आणि उद्घाटनालाच हार्वर्डनं त्यांना ३६-० नं झोडपलं. पहिल्या महायुद्धानंतर तर लाटच आली. इलिनॉय, नेब्रास्का आणि इतर कितीतरी विद्यापीठांनी आपल्या स्टेडियमांना ‘मेमोरियल’ नाव दिलं. युद्धात गेलेल्या मुलांच्या नावानं वर्गणी मागितली, की नाही म्हणणं अवघड जातं. श्रद्धांजली खरी होती, यात शंका नाही. पण वर्गणी गोळा करणाऱ्यांना ती सोयीचीही होती. ओहायो स्टेटनं लोकवर्गणीतून दहा लाखांवर डॉलर जमवून १९२२ मध्ये आपली घोड्याच्या नालेसारखी वास्तू उघडली.

मिशिगनचा क्रीडा संचालक फील्डिंग योस्ट या सगळ्यांत हुशार. देणगी मागायची तर मिनतवाऱ्या आल्या, त्यापेक्षा कर्जरोखे विकावेत, असं त्यानं ठरवलं. पाचशे डॉलरचा एक, असे तीन हजार रोखे, व्याज तीन टक्के. तीन टक्क्यांसाठी कुणी धावत आलं नसतं. पण रोखा घेणाऱ्याला दहा वर्षं मैदानाच्या मध्यावरच्या, दोन्हीकडच्या तीस यार्डांच्या रेषांमधल्या जागांची तिकिटं विकत घेण्याचा हक्क मिळणार होता. तिकीट फुकट नाही. ते पैसे देऊनच घ्यायचं. विकला गेला तो फक्त रांगेत पुढे उभं राहण्याचा हक्क. साडेनऊ लाख डॉलर खर्चून बांधलेलं ते स्टेडियम १ ऑक्टोबर १९२७ रोजी ओहायो वेस्लियन या छोट्या कॉलेजविरुद्धच्या सामन्यानं सुरू झालं. पाच वर्षांपूर्वी ओहायो स्टेटच्या नव्या स्टेडियममधला पहिला पाहुणाही तोच होता; बड्यांच्या घरभरणीला मार खायला बोलवावं, असं ते कॉलेज असावं.

योस्टची ती कल्पना अजून जिवंत आहे, फक्त वेश बदलून. आज मोठ्या विद्यापीठांच्या स्टेडियममध्ये चांगली जागा हवी तर तिकिटाशिवाय क्रीडा निधीला ‘देणगी’ द्यावी लागते. ती द्यायची की नाही हे ऐच्छिक, आणि नाही दिली तर वरच्या कोपऱ्यातली जागा. अमेरिकन करखात्याला ही देणगी पटली नव्हती. शेवटी १९८८ मध्ये काँग्रेसनंच कायदा करून तिच्यातल्या ८० टक्के रकमेवर करसवलत दिली. मैदानाच्या मध्यासमोर बसून हॉट डॉग खाणाऱ्याच्या जागेचा थोडा भार त्यामुळे देशातल्या प्रत्येक करदात्यावर पडत राहिला, ज्यांनी उभ्या जन्मात सामना पाहिलेला नाही त्यांच्यावरही. २०१७ च्या अखेरीस आलेल्या करसुधारणेनं ती सवलत काढून टाकली. तेव्हा अनेक विद्यापीठांनी आपल्या देणगीदारांना ३१ डिसेंबरच्या आत पुढचे पैसे भरून टाकायचा सल्ला दिला.

दूरचित्रवाणीचा पैसा तर फाटकाकडे फिरकतही नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या बाजूनं निकाल देऊन प्रक्षेपणावरची एनसीएए या मध्यवर्ती संस्थेची मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठांना आपापले सामने विकायला मोकळीक मिळाली. मिशिगन आणि ओहायो स्टेट ज्या ‘बिग टेन’ गटात खेळतात, त्यानं २०२२ मध्ये केलेला करार सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरच्या वर आहे.

मग रोकड उरली कुठे? शेंगदाण्यांत, कोकच्या पेल्यात, गाडी लावायच्या जागेत.

हिशेबात ती नगण्य, पण स्टेडियमचा आवाज आणि वास तिनेच घडवला. डोक्यावर खोकं घेऊन पायऱ्या चढणारा फेरीवाला ओरडतो, रांगेच्या मधोमध बसलेला कुणीतरी हात वर करतो, आणि पाच डॉलरची नोट दहा-बारा अनोळखी माणसांच्या हातांतून त्याच्यापर्यंत जाते. शेंगांची पुडी आणि उरलेले सुट्टे त्याच वाटेनं परत येतात. खच्चून भरलेल्या एसटीत कंडक्टरकडे पैसे जावेत, तसेच. मधल्या कुणी त्यातली चिल्लर उचलली, असं होत नाही. होत असेल तरी कुणी बोलत नाही.

खिडकीमागे उभी असलेली माणसंही बघण्यासारखी. अरामार्क, लेव्ही यांसारख्या कंपन्यांकडे खाण्यापिण्याचा ठेका असतो; पण त्यांना वर्षातल्या सात शनिवारांसाठी शेकडो माणसं लागतात, आणि सात दिवसांसाठी नोकर कोण ठेवणार? म्हणून शाळेच्या बँडचे पालक, चर्चची मंडळी, स्काउटची पथकं यांना एकेक खिडकी चालवायला देतात. विक्रीतला ठरलेला टक्का त्या संस्थेला. मुलांचे नवे गणवेश, ट्रम्पेट, सहलीची बस हे सगळं त्यातून येतं. गल्ल्यावर बसलेली बाई बहुधा कुणाची तरी आई असते, तिला बँडच्या खर्चाचा आकडा पाठ असतो, आणि शेजारच्या बरणीत टाकलेला डॉलर कुठे जाणार हे विचारलं तर ती सविस्तर सांगते. कार्डाच्या यंत्रावर आता टीपसाठी चौकोन उमटतात. पण ज्या हातात उरलेली नाणी आहेत, तो हात बरणीकडे जितका सहज वळतो, तितका चौकोनाकडे वळत नाही.

फाटकाबाहेर तर अजूनही नोटांचं राज्य आहे. ॲन आर्बरमध्ये स्टेडियमसमोरच पायोनिअर हायस्कूल आहे. सामन्याच्या दिवशी तिथल्या आवारात गाड्या लावायला देऊन शाळा पैसे कमावते. आसपासचे घरमालक आपल्या अंगणातल्या हिरवळीवर पुठ्ठ्याची पाटी घेऊन उभे राहतात. वर्षभर गवताच्या पात्याला जपणारा माणूस त्या दिवशी वीस-तीस-चाळीस डॉलरला त्यावर ट्रक चढवू देतो, आणि प्रतिस्पर्धी तगडा असला की भाव वाढतो. काही जण घरच भाड्यानं देऊन गावाबाहेर जातात. अमेरिकन करकायद्यात राहतं घर वर्षाला पंधरा दिवसांपेक्षा कमी काळ भाड्यानं दिलं, तर त्या भाड्यावर कर लागत नाही. घरच्या मैदानावरचे सामने सात-आठ, तेव्हा फुटबॉलवेड्या गावाला ही तरतूद मापानं शिवल्यासारखी बसते. नोत्र दाममध्ये नाइट्स ऑफ कोलंबस ही कॅथलिक बंधुसंस्था आवारातल्या आपल्या इमारतीसमोर स्टेकचे सँडविच भाजून विकते, आणि पैसे दानधर्माला जातात. धूर, रांग, आणि कागदात गुंडाळलेला गरम पाव: स्टेडियमच्या आत कितीही महाग खाणं मिळो, त्याला ही चव नाही, असं जुने लोक सांगतात.

रोकडीचं दुसरं एक घराणंही या खेळात नांदत होतं, काळोखातलं. सामना संपल्यावर श्रीमंत चाहता कपडे बदलायच्या खोलीबाहेर खेळाडूशी हात मिळवतो आणि हात सोडताना खेळाडूच्या तळव्यात घडी घातलेली नोट राहते. या प्रथेला तिकडे ‘शंभर डॉलरचं हस्तांदोलन’ असंच नाव पडलं होतं. १९२९ च्या ऑक्टोबरात कार्नेगी फाउंडेशननं कॉलेजच्या खेळांवर जाडजूड अहवाल काढला, त्यात तपासलेल्या संस्थांपैकी चारातल्या तीन कुठल्या ना कुठल्या रूपानं खेळाडूंना पोसतात असं दिसलं होतं. त्याच महिन्यात शेअर बाजार कोसळला आणि लोकांना चिंता करायला दुसरे विषय मिळाले.

टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात तर हस्तांदोलनाचा पगार झाला. शिक्षा भोगत असतानाही तिथे १९८५-८६ मध्ये तेरा खेळाडूंना मिळून सुमारे ६१ हजार डॉलर दिले गेले, दरमहा पन्नासपासून सव्वासातशेपर्यंत, एका चाहत्याच्या पैशांतून. फेब्रुवारी १९८७ मध्ये एनसीएएनं त्यांचा पुढचा अख्खा हंगामच रद्द केला. मग टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी कबूल केलं की विद्यापीठाच्या नियामक मंडळाला हे ठाऊक होतं, आणि कबूल केलेली रक्कम चुकती करून टाकावी असंच ठरलं होतं. ते स्वतः त्या मंडळाचे अध्यक्ष होते. तेरा पोरांना मिळालेले ते पैसे आज एखाद्या राखीव खेळाडूलाही कमी वाटतील.

खिशात नोटा असूनही काही मिळत नाही, असंही एकदा झालं. १५ सप्टेंबर २००७ रोजी ओरलँडोला सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठानं पंचेचाळीस हजारांचं नवंकोरं स्टेडियम उघडलं. पाहुणा टेक्साससारखा बलाढ्य, ऊन फ्लोरिडाचं. तेव्हा लक्षात आलं की इमारतीत पिण्याच्या पाण्याचा एकही नळ नाही. बाटली तीन डॉलरला होती, आणि बाटल्याही संपल्या. अठरा जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, साठेक जणांवर उन्हाच्या त्रासाबद्दल तिथेच उपचार झाले. पुढे नळ बसवले गेले. नळ विसरला गेला की वगळला गेला, यावर कुणी काहीही म्हणो. तहान लागलेला प्रेक्षक आत कोंडला की तो गिऱ्हाईक होतो, हे त्या इमारतीच्या नकाशातच होतं.

बिअरचीही कथा तशीच. बराच काळ विद्यापीठं साध्या बाकांवरच्या लोकांना दारू विकत नव्हती. लोक ती गाडीपाशीच पिऊन येत. काही ठिकाणी मध्यंतरात बाहेर जाऊन, आणखी रिचवून परत येत. २०११ मध्ये वेस्ट व्हर्जिनियानं ही ये-जा बंद केली आणि आतच बिअर विकायला घेतली. दंगेधोपे वाढण्याऐवजी कमी झाले, आणि विद्यापीठाला उत्पन्न मिळालं ते वेगळंच. दक्षिणेकडच्या एसईसी गटानं २०१९ मध्ये बंदी उठवली, मिशिगननं २०२४ मध्ये विक्री सुरू केली.

आता रोकड गेली कशी ते. २०१९ मध्ये टँपाच्या बेसबॉल संघानं आणि अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियमनं नोटा घेणं थांबवलं. अटलांटाचं मैदान व्यावसायिक संघाचं. पण एसईसीची अंतिम लढत आणि पीच बोल हा कॉलेजांचा हंगामअखेरचा सामना तिथेच होतात, त्यामुळे कॉलेजवाल्यांना नवी रीत आयतीच बघायला मिळाली. याच स्टेडियमनं २०१७ मध्ये हॉट डॉग दोन डॉलरला आणि बिअर पाचला लावली होती, करासकट पूर्ण डॉलरांत, म्हणजे मोड मोजायला नको. कारण खरी टंचाई पैशांची नसते, मिनिटांची असते. कॉलेज फुटबॉलचं मध्यंतर वीस मिनिटांचं. लाख माणसांतली निम्मी उठली तरी पन्नास हजार, आणि त्यांना वीस मिनिटांत शौचालय आणि खिडकी दोन्ही गाठायचं आहे. पन्नासची नोट मोडून देण्यात गेलेले तीस सेकंद म्हणजे मागच्या रांगेतून निघून गेलेलं एक गिऱ्हाईक. शिवाय रात्री रोकड मोजायला बंद खोली लागते, माणसं लागतात, चिलखती गाडी लागते, आणि सगळं करून गल्ल्यात थोडं कमी भरतं ते भरतंच. कार्ड कंपन्यांना द्यावे लागणारे दोन-तीन टक्के त्या मानानं स्वस्त पडतात. त्यात करोनाच्या भीतीनं नोटेला हात लावणंच नकोसं झालं. जे करायला दहा वर्षं लागली असती, ते २०२० आणि २०२१ च्या हंगामांत उरकलं.

पण ते कायद्यात बसतं का? डॉलरच्या प्रत्येक नोटेवर ती सर्व देण्यांसाठी कायदेशीर चलन असल्याचं छापलेलं असतं, आणि खिडकीवर अडवलेला एखादा आजोबा ते वाचूनही दाखवतो. पण ते देण्यांसाठी, म्हणजे आधीच झालेल्या कर्जासाठी. हॉट डॉग हातात पडण्यापूर्वी कसलं कर्ज नसतंच. खासगी व्यवसायानं रोकड घेतलीच पाहिजे, असा संघराज्याचा कायदा नाही, असं फेडरल रिझर्व्हही सांगतं. राज्यांचे आणि शहरांचे कायदे मात्र वेगळे. मॅसॅच्युसेट्सनं १९७८ मध्येच किरकोळ दुकानदारांना रोखीनं घेणाऱ्या गिऱ्हाइकाशी भेदभाव करायला मनाई केली. सगळ्यात जुनं काँक्रीट स्टेडियम आणि हा जुना कायदा एकाच राज्यात आहेत, हा योगायोग. २०१९ मध्ये फिलाडेल्फिया शहर आणि न्यू जर्सी, २०२० मध्ये न्यूयॉर्क शहर त्याच वाटेनं गेलं.

हे कायदे जुन्या आठवणींपोटी झालेले नाहीत. बँकांच्या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या एफडीआयसीच्या २०२३ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ४.२ टक्के कुटुंबांकडे, म्हणजे सुमारे ५६ लाख घरांत, कसलंच बँक खातं नव्हतं. कृष्णवर्णीय कुटुंबांत हे प्रमाण गोऱ्यांच्या पाचपटीहून जास्त. या खेळात मैदानावर कोण धावतं आणि कुणाच्या घरात खातं नसतं, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की ‘सगळ्यांकडे कार्ड असतंच’ हे वाक्य तितकंसं सोपं राहत नाही. त्यावरचा तोडगा म्हणजे उलटं एटीएम: नोट आत घाला, कार्ड बाहेर येतं. अटलांटानं ते विनाशुल्क ठेवलं. सगळीकडे तसं नसतं. आणि त्या कार्डावर उरलेले तीन-चार डॉलर पुढच्या शनिवारपर्यंत कुणाच्या लक्षात राहतात?

पर्ड्यू विद्यापीठात किंवा ॲन आर्बरला शिकणाऱ्या मुलाला भेटायला पुण्याहून आलेल्या आईबाबांची अडचण वेगळी. घरी भाजीवालीलाही फोनवरून पैसे देणाऱ्या माणसाला वाटतं, आता रोकडीची कटकट गेली. पण त्याचं यूपीआय इथल्या यंत्राला कळत नाही. आंतरराष्ट्रीय कार्ड किंवा परकीय चलनाचं आधी भरलेलं कार्ड हवं. वानखेडेवर नाणी फाटकातच काढून ठेवावी लागतात, ती कुणी मैदानात भिरकावू नयेत म्हणून. इथे नाणी खुशाल आत न्यावीत. त्यांनी विकत काही मिळत नाही, एवढंच.

प्रेक्षकाच्या हातून नोट सुटली, त्याच सुमारास खेळाडूच्या हातात पैसा उजळ माथ्यानं आला. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ऑल्स्टन खटल्यात एनसीएएविरुद्ध एकमतानं निकाल दिला, आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा जाहिरातींसाठी विकायची मुभा मिळाली. जेम्स होगनच्या सिगारेटींना त्या दिवशी एकशे सोळा वर्षांनी मान्यता मिळाली म्हणायची. जून २०२५ मध्ये न्यायालयात मंजूर झालेल्या तडजोडीनं विद्यापीठांनाही थेट पैसे द्यायची परवानगी दिली. २०२५-२६ साठी मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर.

तो भार कुणीतरी उचलायलाच हवा. टेनेसी विद्यापीठाच्या नॉक्सव्हिलमधल्या नीलंड स्टेडियममध्ये लाखाहून जास्त जागा आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये विद्यापीठानं जाहीर केलं की २०२५ च्या हंगामी तिकिटांवर दहा टक्के ‘टॅलेंट फी’ लागेल, आणि ती खेळाडूंना द्यायच्या पैशांसाठी आहे हेही उघड सांगितलं. वीसच्या नोटा घेऊन नॉक्सव्हिलला निघालेल्यानं त्या गाडी लावायला आणि बाहेरच्या सँडविचला ठेवाव्यात. खेळाडूचा वाटा त्यानं तिकिटातच भरलेला आहे.